दोन कळांच्या मधे

कळांची वेदना थांबवायचं इंजेक्शन द्यायला मी लेबर रूमकडे निघाले की दारातच कुणीतरी अडवतं. अडवणारी बहुधा त्या मुलीची आई असते, कधी सासू. प्रश्न ठरलेला. "मॅडम, बाळाला काही होणार नाही ना?" मुलीला काय होईल हे फार कमी जणी विचारतात. तिने सोसायचं हे गृहीतच धरलेलं असतं. आम्ही नाही का सोसलं, हे वाक्य प्रश्नाच्या मागोमाग येतं, आणि ते खोटं नसतं. त्यांनी सोसलेलं असतंच.

या प्रश्नाच्या पोटात एक हिशेब आहे. वेदना आईची आणि धोका बाळाचा. आईला आराम द्यायचा तर तो बाळाच्या वाट्यातून काढून द्यावा लागणार. भूलतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं लेबर रूममध्ये काढल्यावर मला या हिशेबाचा राग येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. आमच्या औषधांनी बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. पण हिशेबाची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. वेदनेनेसुद्धा ते कमी होतं. आणि लेबर रूममधल्या इतर काही गोष्टींनी तर त्याहून जास्त, ज्यांच्याबद्दल दारात कुणीच विचारत नाही.

आधी ते रक्त जातं कसं ते पाहू. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. गर्भाशयाच्या भिंतीतून शंभराच्या आसपास वळणदार रक्तवाहिन्या वारेच्या आईकडच्या बाजूला उघडतात. त्यांतून आलेलं आईचं रक्त एका पोकळीत पसरतं आणि बाळाच्या बाजूचे तंतू झाडाच्या मुळांसारखे त्या रक्तात बुडालेले असतात. ऑक्सिजन ओढून घ्यायचा तो तिथूनच. एरवी गर्भाशयाला मिनिटाला ५० ते १०० मिलिलिटर रक्त पुरतं. नऊ महिने भरत आले की ते ५०० ते ७०० मिलिलिटरवर गेलेलं असतं, म्हणजे आईचं हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा साधारण दहावा हिस्सा.

मेंदू किंवा मूत्रपिंड यांचं बरं असतं. बीपी थोडं उतरलं तर त्यांच्या वाहिन्या आपणहून रुंद होतात आणि रक्त पूर्वीइतकंच येत राहतं. भरल्या महिन्यांच्या गर्भाशयाला ही सोय नाही. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच वारेच्या पेशी त्या वळणदार वाहिन्यांच्या भिंतींमधला स्नायू काढून टाकतात, त्यामुळे त्या कायमच्या रुंदावलेल्या राहतात. आणखी रुंदावायला वावच उरत नाही. आईचं बीपी घसरलं की वारेतलं रक्त त्याच मापाने घसरतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर बाळंतपणाच्या भुलीतलं निम्मं शास्त्र समजलं असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

मग कळ येते. गर्भाशयाचा स्नायू आवळतो, आणि त्या स्नायूतूनच जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. जोराची कळ ऐन भरात असताना आत येणारं रक्त जवळजवळ थांबतं. तेवढा वेळ बाळ पोकळीत साठलेल्या रक्तावर भागवतं. कळ ओसरली की नवं रक्त आत येतं. दर तीन-चार मिनिटांनी असं, कित्येक तास. धडधाकट बाळ हे निभावतं, कारण त्याची तयारी तशीच असते. आईच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर नाळेतून बाळाकडे जाणाऱ्या सगळ्यात चांगल्या रक्तातसुद्धा तो जेमतेम ३०. एवढ्यावर ते वाढतं, कारण त्याचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं, ऑक्सिजन घट्ट धरणारं, आणि भरपूरही असतं. तरी पुन्हा भरून घेण्यासाठी त्याला मोकळा वेळ लागतोच. तो मिळतो दोन कळांच्या मधे. पुढे जे काही सांगणार आहे, वेदना, इंजेक्शन, सलाइन, झोपायची पद्धत, ते सगळं मी याच मधल्या वेळावर तोलते.

वेदनेचं घ्या. कळ असह्य झाली की बाई धापा टाकते. गरोदरपणात रक्तातला कार्बन डायऑक्साइड तसाही कमीच असतो, ३० च्या थोडा वर. धापांनी तो २० च्याही खाली जाऊ शकतो. इतका कमी झाला की गर्भाशयाच्या वाहिन्या आकसतात, आणि आईचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला कुरकुर करतं. बोटाला लावलेलं यंत्र शंभर दाखवत राहतं, पण त्यातलं बाळापर्यंत कमी पोचतं. शिवाय कळ गेल्यावर, कार्बन डायऑक्साइड इतका उतरलेला असल्यामुळे, श्वास घ्यायची ऊर्मीच मंदावते. बाई ग्लानीत जाते, श्वास उथळ होतो, काहींचा क्षणभर थांबतोही. पेथिडिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलेलं असेल तर हे जास्तच. म्हणजे नेमका भरून घ्यायच्या वेळेत आईचा श्वास कमी पडतो.

दुसरा मार्ग भीतीचा आणि ॲड्रिनॅलिनचा. सॅन फ्रान्सिस्कोत सोल श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये गाभण मेंढ्यांवर केलेला प्रयोग आमच्या पाठ्यपुस्तकांत अजून आहे. मेंढीला थोडा वेळ त्रासदायक विजेचा झटका दिला की तिचं बीपी वाढायचं, रक्तातलं नॉरॲड्रिनॅलिन वाढायचं आणि गर्भाशयाचं रक्त मात्र जवळजवळ निम्म्यावर यायचं. वरून पाहावं तर आईचं बीपी छान, आणि आतलं बाळ अर्ध्या रेशनवर. याच गटाने पुढे १९८३ मध्ये दाखवलं की एपिड्युरल, म्हणजे पाठीतून द्यायचं वेदना थांबवणारं इंजेक्शन, दिल्यावर कळा देणाऱ्या बायकांच्या रक्तातलं ॲड्रिनॅलिन निम्म्याहून कमी होतं. नॉरॲड्रिनॅलिनमध्ये तेवढा फरक पडत नाही. हा तपशील पुढे लागणार आहे.

एवढं वाचून कुणी घाबरून जाऊ नये. निरोगी आई आणि पूर्ण वाढलेलं बाळ हे सगळं पचवतात, नाहीतर आपण कुणी इथे नसतो. ज्यांच्याजवळ शिल्लकच थोडी आहे, त्यांच्या बाबतीत हा फरक मोजावा लागतो. बाळाची वाढ खुंटलेली, गर्भजल कमी, आईचं बीपी सातव्या महिन्यापासून चढलेलं. अशा बायकांची वार आधीच तुटपुंज्या रक्तावर चालते. फिनलंडमध्ये योउप्पिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये, गरोदरपणात बीपी फार वाढलेल्या बायकांच्या वारेतलं रक्त किरणोत्सारी झेनॉनच्या मदतीने मोजलं, तेव्हा एपिड्युरलनंतर ते वाढलेलं आढळलं. निरोगी बायकांमध्ये डॉपलरने केलेल्या मोजण्या एकमुखी नाहीत. कुठे फरक दिसत नाही, कुठे थोडा दिसतो. माझ्या मते यात नवल नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याच्या ताटात फरक दिसतच नाही.

आता आमची बाजू. भुलीच्या इतिहासात बाळाला बराच काळ कुणी विचारलंच नव्हतं. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी जानेवारी १८४७ मध्ये बाळंतपणात ईथर वापरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. ७ एप्रिल १८५३ ला जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला रुमालावर थोडं थोडं क्लोरोफॉर्म शिंपडून दिलं आणि लंडनच्या उच्चभ्रू घरांतला विरोध बराच मावळला. तेव्हा दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्रही नव्हतं. ते आलं १८९६ मध्ये. आणि जन्मलेल्या बाळाकडे भूल देणाऱ्याने पद्धतशीर बघावं, त्याला गुण द्यावेत, हे सुचायला १९५२ साल उजाडलं. ज्यांना ते सुचलं त्या व्हर्जिनिया ॲपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. आज प्रत्येक बाळाच्या केसपेपरवर त्यांचं नाव असतं, आणि ते एका बाईचं नाव आहे हे लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांना ठाऊक नसतं.

मधल्या काळात चुकाही झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाशेजारी दोन्ही बाजूंना बधिरतेचं औषध टोचायची एक सोपी पद्धत पन्नास-साठच्या दशकांत लोकप्रिय होती. वेदना छान थांबायच्या, पण काही मिनिटांतच बाळाचे ठोके मंदावायचे. औषध टोचलं जायचं ती जागा गर्भाशयाच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या शेजारी. वाहिनी आकसायची आणि औषधही झपाट्याने बाळाकडे जायचं. पद्धत मागे पडली. तेव्हा दारातल्या आजींचा संशय अगदीच हवेतला नाही.

एपिड्युरलमध्ये अडचण वेगळी आहे. कमरेच्या मणक्यांमध्ये बारीक नळी ठेवून तिच्यातून औषध सोडतात. वेदनेच्या नसांबरोबर रक्तवाहिन्यांना ताणून धरणाऱ्या नसाही त्यात बधिर होतात. पायांकडच्या वाहिन्या सैलावतात, रक्त तिथे साठतं आणि बीपी उतरतं. आणि बीपी उतरलं की वारेतलं काय होतं ते वर सांगितलंच आहे. हे बहुतेक पहिल्या वीस-तीस मिनिटांत घडतं. त्या वेळात दर पाच मिनिटांनी बीपी बघायचं, बाळाचे ठोके ऐकत राहायचं, उतार दिसला की सलाइन वाढवायची, कूस बदलायची, लागलंच तर बीपी चढवणारं औषध द्यायचं. पूर्वी बुपिवाकेन हे बधिरतेचं औषध पाव टक्का किंवा त्याहून तीव्र असायचं, पाय लुळे पडायचे. आता एक दशांश टक्का किंवा त्याहूनही कमी, सोबत फेन्टानिल या वेदनाशामकाचा थेंब. बीपीचा उतार त्यामुळे खूपच सौम्य झाला आहे.

बीपी चढवायच्या औषधाची एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण तिने आमच्या धंद्याला नम्र केलं. १९७४ मध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं की एफेड्रिन दिल्यावर गर्भाशयाचं रक्त टिकतं, तर वाहिन्या सरळ आवळणाऱ्या औषधांनी ते घटतं. तर्काला धरून होतं. जवळजवळ तीन दशकं जगभर एफेड्रिनच दिलं गेलं आणि वाहिन्या आवळणाऱ्या फेनिलेफ्रिनला बाळाचा शत्रू ठरवलं. मग हाँगकाँगच्या वॉरविक न्गान की आणि सहकाऱ्यांनी सिझेरियनच्या वेळी, खऱ्या बायकांमध्ये, जन्मल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. ऑक्सिजन अपुरा पडला की वाढणाऱ्या आम्लाचं प्रमाण एफेड्रिनवाल्या बाळांमध्ये जास्त निघालं. एफेड्रिन वार ओलांडून बाळात जातं, त्याचं हृदय आणि चयापचय पळवतं आणि त्याची ऑक्सिजनची गरज वाढवून ठेवतं. म्हणजे रक्त पोचत होतं, पण खर्चही वाढत होता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सिझेरियनसाठी फेनिलेफ्रिनसारख्या औषधांना पहिली पसंती मिळाली. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी अजून मेफेन्टरमीनची कुपी हाताशी असते, आणि प्रसंगी तीही वेळेवर दिली तर काम भागतं. गर्भाशयात किती रक्त शिरलं एवढंच मोजून पुरत नाही, ते बाळाला पुरलं का हे बघायला हवं, हे आम्हाला मेंढीने नाही, नाळेने शिकवलं.

दुसरी विचित्र गोष्ट त्या ॲड्रिनॅलिनची. कधी कधी मणक्यातल्या पाण्यात थोडं फेन्टानिल देऊन वेदना तातडीने थांबवतात. दोन-तीन कळांत बाईचा चेहरा पालटतो. तिची आई हात जोडते. आणि नेमक्या अशा वेळी, क्वचित, बाळाचे ठोके १४० वरून ८० वर येतात. बीपी तर उतरलेलं नसतं! कारण असं मानलं जातं की वेदना थांबताच ॲड्रिनॅलिन झपाट्याने खाली येतं. ॲड्रिनॅलिन गर्भाशयाला थोडं सैल ठेवत असतं. ते गेलं आणि नॉरॲड्रिनॅलिन मागे उरलं, की गर्भाशय आवळूनच बसतं आणि कळांच्या मधला वेळ नाहीसा होतो. उपाय माहीत असलेला माणूस खोलीत असेल तर काम सोपं असतं. कळा वाढवणारी सलाइन बंद करायची, डाव्या कुशीवर वळवायचं, गरज पडली तर गर्भाशय सैल करणारं औषध द्यायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत ठोके परत येतात. माणूस खोलीत नसेल तर हीच बाई धावतपळत सिझेरियनला जाते आणि घरी म्हणतात, पाठीतल्या इंजेक्शनने पोट फाडावं लागलं.

कळांच्या सलाइनचं नाव निघालं म्हणून सांगते. ऑक्सिटोसिनची सलाइन लावताना मला दारात कुणीही अडवलेलं आठवत नाही. उलट "जरा जोरात सोडा ना, लवकर मोकळी होईल" असं म्हणणारेच भेटतात. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या की मधला वेळ बाळाला पुरत नाही, आणि हे औषध तिथवर सहज नेऊ शकतं. पंप न लावता, थेंब नजरेने मोजून ते सुरू असलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. पाठीतल्या सुईची भीती आणि हातातल्या सुईवर विश्वास, हे मला अजूनही उलगडलेलं नाही.

तसंच उताणं झोपवणं. आपल्या लेबर रूममधली टेबलं अरुंद, आणि सिस्टरांना तपासायला, नोंदी घ्यायला बाई सरळ झोपलेली बरी पडते. "हलू नकोस गं, सरळ झोप." भरल्या पोटाची बाई उताणी झोपली की गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या नीलेवर बसतं. पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, काहींचं बीपी कोसळतं, घाम फुटतो, मळमळतं. वरून एपिड्युरल असेल तर शरीराला सावरायची उरलीसुरली ताकदही गेलेली असते. कमरेखाली छोटी उशी सरकवून पंधरा अंश कलवलं की झालं, असं आम्ही शिकलो. २०१५ मध्ये जपानी डॉक्टरांनी एमआरआयमध्ये पाहिलं तर पंधरा अंशांनी त्या नीलेवरचा दाब फारसा हटतच नव्हता, तीस अंशांना कुठे थोडी मोकळी होत होती. म्हणजे उशीचा उपचार बराचसा मनाचं समाधान होता. पूर्ण कुशीवरच वळवावं. जुन्या सुईणी बाईला उकिडवं बसवायच्या, छताला टांगलेला दोर धरायला लावायच्या, चालवायच्या. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांच्या हातून जे व्हायचं त्याचं समर्थन मी करणार नाही, पण उताणं झोपवायची खोड त्यांना नव्हती. ती आपण दवाखान्याबरोबर आणली.

एकूण पुरावा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. पेथिडिनसारखी इंजेक्शनं घेतलेल्या आयांच्या बाळांपेक्षा एपिड्युरल घेतलेल्या आयांच्या बाळांच्या नाळेतलं आम्ल कमी असतं, असं २००२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून फेलिसिटी रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एपिड्युरलमुळे सिझेरियन वाढत नाही, हे २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात पुन्हा स्पष्ट झालं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लागायचं प्रमाण जुन्या, तीव्र औषधांच्या काळात वाढलेलं होतं. २००५ नंतरच्या अभ्यासांत तसं दिसत नाही. काहींना ताप येतो, बाहेर ढकलायचा वेळ थोडा लांबतो. हे सांगूनच सही घ्यायला हवी.

पण ही सगळी आकडेवारी अशा ठिकाणची आहे जिथे इंजेक्शन देणारा माणूस त्याच इमारतीत राहतो. आमच्याकडे छोट्या शहरांत एक भूलतज्ज्ञ दिवसभरात चार-पाच हॉस्पिटलं करतो. एकीकडे हर्निया, दुसरीकडे सिझेरियन, तिसरीकडे हाड. मधेच फोन येतो, "डॉक्टर, एक एपिड्युरल देऊन जाता का?" देऊन जाता का, असंच विचारतात. सरकारी प्रसूतिगृहात तर हा विषयही निघत नाही. तिथे तातडीच्या सिझेरियनला भूलतज्ज्ञ मिळाला तरी पुष्कळ, आणि एकेका सिस्टरच्या वाट्याला इतक्या बाया असतात की दर पाच मिनिटांनी एकीचं बीपी बघणं तिला अशक्य आहे. अशा ठिकाणी एपिड्युरलची मागणी करण्याआधी मी ठोके सलग दाखवणारं यंत्र, सलाइनचा पंप आणि आणखी दोन सिस्टर मागेन. नाव घेऊन हाक मारणारी, पाठ चोळणारी, "लांब श्वास घे" म्हणणारी घरची बाई आत सोडावी, हेही मागेन. केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी असं म्हटलेलं आहे. तिने भीती कमी होते, धापा कमी होतात, आणि पैसा लागत नाही.

माझं मत विचाराल तर ते असं आहे. मुलीला कळा सोसवत नसतील आणि तिला हवं असेल, तर एपिड्युरल घ्यावं. बाळासाठी म्हणून तिने ते नाकारायचं कारण नाही. बीपी चढलेलं असेल आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक असतील, तर अधिकच विचार करावा. फक्त एक चौकशी आधी करावी, आठव्या महिन्यातच, कळा सुरू व्हायची वाट न बघता: इंजेक्शननंतरचा पहिला अर्धा तास तिच्याजवळ कोण बसणार आहे, आणि रात्री दोन वाजता ठोके कमी झाले तर भूलतज्ज्ञाला यायला किती मिनिटं लागतील? या प्रश्नाचं उत्तर नावानिशी मिळालं, तर खुशाल पुढे व्हावं. "डॉक्टर देऊन जातील" एवढंच उत्तर मिळालं, तर त्या हॉस्पिटलात एपिड्युरल घेऊ नये. कळा डाव्या कुशीवर सोसाव्यात, आणि सलाइनचा वेग कोण मोजतंय याकडे लक्ष ठेवावं.